कोर्ट नाक्यावरच्या झेरॉक्सवालीस

चि. ............ हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून ‘चि.’च्या पुढे जागा मोकळी ठेवली आहे. ही जागा मी स्वतःच्या हातानं सोडली आहे बरं का. नोटिशीतल्या ज्या कोऱ्या जागांपायी मी त्या दिवशी भर पावसात तुझ्या दुकानात आलो, त्या माझ्या नव्हत्या, आणि हे मला कळायला तू भेटावी लागलीस.

तुला कदाचित आठवणारही नाही. कोर्ट नाक्यावरचं दुकान, दिवसभर प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वकिलांचे कारकून. त्या गर्दीतला मी एक, पेन ड्राइव्ह दुधाच्या पिशवीत गुंडाळून आणलेला. ऑगस्ट संपत आला होता. सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी, तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी सभासदांच्या हातात पडायला हवी, आणि माझी नोटीस दोन ओळींनी दुसऱ्या पानावर सांडत होती. त्या दोन ओळी म्हणजे ‘आपला विश्वासू’ आणि ‘मानद सचिव’. ४८ फ्लॅट, म्हणजे ४८ जादा कागद निव्वळ माझ्या सहीसाठी. आमच्याकडे एवढ्यावरून सभेत अर्धा तास जातो.

मी टायपिंगच्या मराठी तीस, इंग्रजी चाळीस शब्दांच्या परीक्षा पास झालेला माणूस. टाइपरायटरचा रोलर आपण फिरवू तेवढाच फिरतो. दोन ओळींत जास्त जागा सुटली तर ती आपणच सोडलेली असते. त्यामुळे संगणकावर वर्डमध्ये दर विषयाखाली जागा दिसली की मला वाटे, एंटर दोनदा दाबला गेला. मग बॅकस्पेस मारायचा. बॅकस्पेस मारला की विषय क्र. ४ उडी मारून विषय क्र. ३ च्या शेपटीला चिकटायचा. पुन्हा एंटर, पुन्हा तीच जागा. हे मी किती वर्षं केलं ते सांगत नाही.

उपाय केले नव्हते असं नाही. अक्षर १४ वरून १२ वर आणलं, तर तळमजल्यावरच्या आजींनी नोटीस परत पाठवली. कमिटीतल्या एकानं लाइन स्पेसिंगमध्ये ‘एक्झॅक्टली’ निवडून १४ टाकायला सांगितलं. ओळी जवळ आल्या खऱ्या, पण वरच्या मात्रा छाटल्या गेल्या आणि सूचनाफलकावर ‘लखापरीक्षकाची नमणूक’ लागली. देवनागरीला डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार यांना जागा लागते. मंगलसारखा फॉन्ट ती मागून घेतो. ‘एक्झॅक्टली’ म्हटलं की संगणक ठरलेल्या उंचीपलीकडचं कापून मोकळा होतो. इंग्रजीत हे खपून जात असेल.

माझा पुतण्या ऐरोलीत आयटीत आहे. त्यानं एकदा त्याच्या घरी बसूनच माझा संगणक चालवला, बाण इकडून तिकडे पळाला आणि फाइल नीट झाली. ‘झालं काका.’ पुढच्या नोटिशीला मी पुन्हा होतो तिथेच.

तू माउसला हात लावला नाहीस. कीबोर्ड आणि माउस काउंटरवर माझ्याकडे सरकवलास, पडदा वळवलास आणि म्हणालीस, ‘काका, तुम्हीच करा, मी सांगते.’ माझ्या मागे दोन कारकून चुळबुळत होते. त्यांना ‘दोनच मिनिटं हं’ म्हणालीस. लागली पंधरा.

आधी कंट्रोल-शिफ्ट-८ दाबायला लावलंस. पानभर उलट्या पीसारख्या खुणा उमटल्या. ‘प्रत्येक खूण म्हणजे एक एंटर. आता मोजा. विषयाखाली रिकामी ओळ आहे?’ नव्हती. एकच खूण होती. ‘मग पुसताय काय? तिथे काहीच नाहीये. ती जागा पॅराग्राफच्या अंगची आहे.’

पॅराग्राफच्या अंगची! हे वाक्य मी रिक्षात घरी जाईपर्यंत घोळवत होतो.

मग पूर्ण मजकूर निवडला, लेआउटमध्ये गेलो, स्पेसिंगखाली ‘आफ्टर’समोर ८ होतं. ते शून्य केलं. पान माझ्या डोळ्यांदेखत वर सरकलं आणि ‘मानद सचिव’ पहिल्या पानावर येऊन बसले. घरी येऊन हिशेब मांडला. ७२ पॉइंटचा एक इंच. नोटिशीत वीस परिच्छेद, प्रत्येकामागे ८, म्हणजे १६० पॉइंट, सव्वादोन इंचांच्या आसपास. इतकी जागा मला न विचारता जात होती, आणि मी आजींचं अक्षर बारीक करत बसलो होतो.

‘पण पूर्वी असं होत नव्हतं,’ मी म्हणालो, आणि तू हसली नाहीस. नोकरीत मी वर्ड २००३ वापरलं होतं, त्यात ही जागा शून्यच असे. २००७ च्या वर्डपासून मायक्रोसॉफ्टनं परिच्छेदामागे १० पॉइंट धरले, २०१३ मध्ये ते ८ झाले. पडद्यावर वाचायला बरं पडत असेल. नोटीस कागदावर निघते.

कमिटीच्या नावांसाठी तू शिफ्ट-एंटर दाखवलंस: ओळ खाली येते, परिच्छेद मात्र तोच राहतो, म्हणून मध्ये जागा पडत नाही. मी अजून कधीकधी विसरतो. ‘डोन्ट अॅड स्पेस बिटवीन पॅराग्राफ्स ऑफ द सेम स्टाइल’ या लांबलचक नावाची चौकट दाखवलीस, ती मला सगळ्यांत आवडली; विषयांच्या यादीतली जागा जाते आणि यादी संपल्यावरची राहते. निघताना म्हणालीस, ‘ही दुरुस्ती या फाइलपुरतीच हं काका. घरच्या मशीनवर सेट अॅज डिफॉल्ट करा, आणि नॉर्मल टेम्प्लेटवाला पर्याय निवडा, नाहीतर नवी फाइल उघडलीत की ८ परत हजर.’ हे सगळं एका फसलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर लिहून दिलंस. पैसे घेतलेस ते फक्त एका प्रिंटचे.

यंदाची नोटीस घरीच केली. एक पान, अक्षर १४, मात्रा शाबूत. आजींची तक्रार आली नाही, म्हणजे पसंत आहे. एक प्रत तुला दाखवायला घेऊन आलो, तर काउंटरवर दुसरा मुलगा होता. तू दिवाळीनंतर सोडलंस एवढंच त्याला ठाऊक. म्हणून हे असं उघड्यावर लिहितो आहे.

तुझा तो कागद मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला आहे. शाई पुसट व्हायला लागली होती, परवा त्याच अक्षरावरून पेन फिरवून घेतला.

तुझा,
नौपाड्यातला सेक्रेटरी काका