आधी तिकीट, मग डबल बेल

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकानं लिहिलं होतं, ‘ज्यांना खर्च झेपत नाही त्यांनी कुत्री-मांजरं पाळूच नयेत.’ ते वाचलं आणि हातातला चहा तसाच निवत राहिला. मी एसटीचा निवृत्त वाहक आहे. ईपीएस-९५ ची, म्हणजे १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन किती येते ते कुठल्याही निवृत्त एसटीवाल्याला विचारा, तो आधी हसेल आणि मग सांगेल. आमच्या घरी चिमी नावाची गावठी कुत्री आहे, वय नऊ. ‘पाळली’ म्हणणंही तसं खरं नाही. डेपोच्या वर्कशॉपमागं पावसात भिजत बसलेलं पिल्लू नातीनं फ्रॉकमध्ये गुंडाळून आणलं आणि आमच्या हिनं ‘दोन दिवस राहू दे’ म्हटलं. ते दोन दिवस अजून संपायचे आहेत.

खर्च झेपतो की नाही, हे खर्च किती ते कळल्यावर ठरतं. जनावरांच्या दवाखान्यात नेमकं तेच कळत नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, आणि ते दोन बिलांच्या आधारानं मांडतो.

पहिलं बिल चार वर्षांपूर्वीचं. भाद्रपदात चिमीनं खाणं सोडलं, अंग तापलं, आणि तिसऱ्या दिवशी नाकातून रक्ताचा थेंब दिसला. घाबरून रिक्षा केली आणि शहरातल्या एका काचेच्या दाराच्या दवाखान्यात गेलो. आत एसी, भिंतीवर परदेशी जातींच्या कुत्र्यांचे फोटो. मी विचारलं, “साधारण किती खर्च येईल?” उत्तर आलं, “आजोबा, पैशाचं काय घेऊन बसलात? जीव महत्त्वाचा.” अशा वाक्यापुढं माणूस काय बोलणार? पुन्हा विचारावं तर आपणच कंजूष ठरतो. पाच दिवस रोज सलाईन, रोज इंजेक्शन, कागदाच्या पुड्यांतून कापून दिलेल्या गोळ्या. पट्टीवरचं नाव दिसणार नाही अशा बेतानं कापलेल्या. बिल झालं ११,६४० रुपये. एका चिटोऱ्यावर एवढा एकच आकडा, बाकी काही नाही. चिमी उठून बसली, जेवली. पुड्या संपल्या, आणि पंधरा दिवसांत तिनं पुन्हा अंग टाकलं.

मग भाच्याची गाडी काढून तिला शिरवळला नेलं. तिथं क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पुण्याला जाताना हायवेवरून हजारदा शिरवळ ओलांडलं असेल, ‘चला, शिरवळवाले उतरा’ म्हणून ओरडलो असेन, पण तिथं कुत्र्यालाही तपासतात हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. केसपेपरला नाममात्र पैसे पडले. चार विद्यार्थी आणि एक सर अशा पाच जणांनी चिमीला बघितलं, हिरड्या पाहिल्या, कानामागून अंगठ्याएवढा गोचीड काढून मला दाखवला. सरांनी विचारलं, “आधी काय औषध दिलंय?” मी खिशातून रिकाम्या पुड्या काढून टेबलावर ठेवल्या. गृहपाठ न केलेल्या पोरासारखा उभा होतो. कागद नाही, रिपोर्ट नाही, गोळीचं नाव नाही. सगळं रक्त पुन्हा तपासावं लागलं. म्हणजे त्या ११,६४० मधल्या तपासण्यांचे पैसे पाण्यात.

निदान गोचीडताप. गोचिडातून रक्तात जंतू जातो, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी होतात, म्हणून नाकातून रक्त. औषध डॉक्सिसायक्लिन, वजनाप्रमाणे मात्रा, पोटभर जेवणानंतर, पूर्ण २८ दिवस. सर म्हणाले, “पाच-सहा दिवसांत ती बरी दिसायला लागेल. लोक तिथंच औषध थांबवतात, तुम्ही थांबवू नका.” तेच औषध माणसांनाही देतात, त्यामुळं चिठ्ठी दाखवून जनऔषधी केंद्रातून घेतलं. महिन्याचा कोर्स दोनशेच्या आत बसला. पहिल्या डॉक्टरांचं निदान चुकलं होतं असं मी म्हणत नाही. कदाचित पुडीत हेच औषध असेल. पण नाव सांगितलं नाही, किती दिवस द्यायचं ते सांगितलं नाही, आणि किती पैसे लागतील तेही सांगितलं नाही.

(जाता जाता एक. माणसांचं औषध स्वस्त म्हणून मनानं देऊ नका. आमच्या गल्लीत एकीनं ताप आला म्हणून मांजराला पॅरासिटामॉलची पाव गोळी दिली. मांजराला ती पचतच नाही, रक्तच नासतं. दुसऱ्या दिवशी मांजर गेलं. ती बाई अजून त्या विषयावर बोलत नाही.)

तेव्हापासून मी ठरवलं, की डॉक्टर शोधायचा तो जनावर ठणठणीत असताना. चिमीला घरी ठेवून एकटाच तीन दवाखाने फिरलो. आयुष्यभर तिकीट तपासणाऱ्यांना सामोरा गेलो, म्हटलं आता आपण तपासावं. पहिल्या ठिकाणी काउंटरवरच्या मुलानं सांगितलं, “आधी पेशंट आणा, रेट नंतर.” दुसऱ्या ठिकाणी माझ्यादेखत एका पिल्लाला लस टोचली, ती कुपी आली टेबलाच्या ड्रॉवरमधून. दोन ते आठ अंशांत ठेवायची लस, बाहेर ऊन ३८ चं! कार्डावर स्टिकरही लावला नाही. लसीच्या कुपीवर बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असलेला स्टिकर असतो, तो कार्डावर चिकटवायचा असतो. मी नंबर आणि तारखांत आयुष्य काढलंय. वेबिलात, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदात, एका तिकिटाचा नंबर चुकला तर रात्री डेपोत तासभर बसावं लागायचं. बिनस्टिकरचं कार्ड म्हणजे माझ्या लेखी विनातिकीट प्रवास. भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्रही दिसलं नाही. १९८४ च्या कायद्यानं पशुवैद्यकाची नोंदणी लागते, आणि नंबर विचारला म्हणून खऱ्या डॉक्टरला राग येत नाही.

तिसरा दवाखाना एका पिठाच्या गिरणीशेजारी. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक वजनकाटा, एक छोटा फ्रीज आणि त्यात दिसणारा थर्मामीटर. डॉक्टर बाई तरुण आहेत, आमच्या धाकट्या सुनेच्या वयाच्या. मी तोच प्रश्न विचारला. त्यांनी पॅड ओढलं आणि लिहायला लागल्या. तपासणी एवढी, लस एवढी, रक्त बाहेरच्या लॅबमध्ये जातं त्याचे एवढे, सोनोग्राफी माझ्याकडे नाही, त्यासाठी शिरवळ किंवा पुणे. ‘माझ्याकडे नाही’ हे तोंडानं म्हणणारा माणूस मला पटतो. आमच्याकडंही ‘ही गाडी कोरेगावला जात नाही’ असं आधी सांगणारा कंडक्टर चांगला; अर्ध्या वाटेत उतरवणारा शिव्या खातो.

दुसरं बिल याच दवाखान्याचं आहे, आणि त्यात दोष सर्वस्वी माझा आहे. चिमीची नसबंदी आम्ही केली नाही. ‘कशाला मुक्या जीवाला कापायचं’ हे वाक्य माझंच. दोन वर्षांपूर्वी ती माजावर येऊन गेली, त्यानंतर महिनाभरानं पाणी फार प्यायला लागली. भांडंच्या भांडं रिकामं. उन्हाळा होता, म्हणून दोन दिवस दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी मागच्या बाजूनं पू दिसला. गर्भाशयात पू झाला होता. माज संपल्यावर चार-आठ आठवड्यांत नसबंदी न झालेल्या वयस्क कुत्रीला हे होतं, आणि पू बाहेर न येता आतच कोंडला तर कळतही नाही, मरण मात्र लवकर येतं. उपाय शस्त्रक्रियाच.

संध्याकाळचे साडेसात वाजले होते. त्या घाईतही बाईंनी कागद घेतला आणि तीन ओळी लिहिल्या: सगळं सुरळीत झालं तर पंधरा हजार, दोन दिवस जास्त ठेवावं लागलं तर अठरा, आणि मूत्रपिंडावर परिणाम झालेला असेल तर किती ते आज सांगता येणार नाही, पण तसं दिसलं तर पुढं जाण्याआधी फोन करीन. “आता ठरवा,” म्हणाल्या. आम्ही दोघं बाहेर गिरणीच्या पायरीवर बसलो. आमच्या हिनं पोस्टातल्या आरडीचा विषय काढला, मी मान हलवली. पाच मिनिटांत ठरलं. अंतिम बिल १६,४५० रुपये, भूल, टाके, औषधं, मुक्काम सगळं वेगवेगळं लिहिलेलं, पैसे दोन हप्त्यांत. घरी न्यायच्या दिवशी मीच विचारलं, वेळेवर नसबंदी केली असती तर? “साडेपाच हजार,” त्या म्हणाल्या, आणि पुढं काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता बघा, ११,६४० च्या बिलाचा मला आजही राग येतो आणि १६,४५० च्या बिलाचा येत नाही. महाग तर दुसरं होतं.

मागच्या वर्षीची माझी वही सांगतो. लसी ११०० रुपये, त्यात रेबीजची आलीच (कुत्र्याला वर्षातून ती एक सुई, चुकवली आणि कुणाला चावलं तर माणसाला किती सुया, ते विचारून बघा). जंताच्या गोळ्या चार वेळा मिळून २४०. गोचिडाचं औषध १९२०. तपासणी फी दोन वेळची ६००. एकूण ३,८६० रुपये, म्हणजे महिन्याला सव्वातीनशेच्या आत. गोचीडतापाच्या त्या एका बिलात गोचिडाचं औषध सहा वर्षं आलं असतं. खाणं यात धरलं नाही. ती भात, भाकरी आणि चिकनवाल्याकडचे पाय-मुंडी खाते. कांदा आणि द्राक्षं मात्र तिच्या ताटात जाऊ देत नाही, दोन्ही कुत्र्यांना बाधतात, आणि आमच्या हिच्या हातचा प्रत्येक पदार्थ कांद्यानंच सुरू होतो, त्यामुळं तिचा भात वेगळा शिजतो. विम्याचीही चौकशी केली होती. वय झालेलं आणि आधीचा आजार, दोन्ही बाबतींत नियम आमच्या विरुद्ध निघाले. पिल्लू असतानाच बघायची ती गोष्ट. आम्ही पोस्टात महिना तीनशेची आरडी पुन्हा सुरू केली आहे. नाव माझं, पण पासबुक चिमीच्या लसीच्या कार्डात ठेवलेलं असतं.

मुंबईकरांचं बरं आहे. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे, तिथंच १८८६ चं पशुवैद्यकीय महाविद्यालय, आणि २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटांचं पाळीव प्राण्यांचं मोठं रुग्णालय झालं. आम्हा तालुक्या-जिल्ह्यांतल्या लोकांसाठी सरकारी दवाखाने आहेत, ते मुळात गाई-म्हशींसाठी, आणि ते रास्तच आहे. शेतकऱ्याची म्हैस आजारी पडली तर चूल थांबते. १९६२ नंबरला फोन केला तर फिरतं पथकही येतं. माझी मागणी त्यांच्या वाट्यातून काही काढून घ्यायची नाही. मागणी बिनखर्चाची आहे.

माणसांच्या खासगी रुग्णालयांनी दर दिसतील असे लावावेत, असा नियम आपल्या राज्यात २०२१ मध्ये आला. तसाच फलक जनावरांच्या खासगी दवाखान्यांतही लागावा: तपासणी, लसी, नसबंदी, रात्रीची फी. शस्त्रक्रियेआधी अंदाज लेखी मिळावा, आणि औषधाच्या नावासह केसपेपर जनावराच्या मालकाच्या हातात पडावा. डॉक्टरांवर अविश्वास दाखवायचा नाही मला. साडेपाच वर्षं शिकून, चावे खाऊन, ओरखडे सोसून ते काम करतात, आणि फुकट सल्ला मागणारे आमच्यासारखे रोज भेटतात. फी घ्यावीच. एसटीत प्रवासी पायरीवर पाय ठेवतानाच ‘किती तिकीट?’ विचारतो, सहा किलोमीटरच्या टप्प्यानं आम्ही सांगतो, परवडलं तर तो बसतो, नाही तर उतरतो. ३१ वर्षांत मी एकाही प्रवाशाला ‘भाड्याचं काय घेऊन बसलात, पोचणं महत्त्वाचं’ असं म्हटलेलं नाही.

‘परवडत नसेल तर पाळू नका’ म्हणणाऱ्या त्या वाचकांनी एकदा गिरणीशेजारच्या दवाखान्यात यावं. तिथं आता फलक लागला आहे. बाईंना मी तीनदा म्हटलं, तेव्हा त्यांनी पांढरा पुठ्ठा आणि मार्कर माझ्याच हातात दिला, “तुमचं अक्षर चांगलंय, तुम्हीच लिहा.” लिहिला. सगळ्यात खालची ओळ कोरी सोडली आहे, रात्री दहानंतरच्या फीसाठी. बाई म्हणतात पाचशे, मी म्हणतो चारशे, आणि मधल्या शंभरावर बोलणी चालू आहेत.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक, सातारा
(नाव व पत्ता संपादकांकडे)