ताईच्या सहीआधी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

पुढे भांडण नको म्हणून ताईचं जमिनीवरच्या हक्काचं हक्कसोडपत्र आत्ताच करून ठेवू, असं तुमच्या मनात आहे. कृपा करून ते करू नका. कागद माझ्या फायद्याचा आहे, म्हणून नको म्हणायचं कामही माझंच आहे.

मुलगी जन्मतःच मुलाइतकी हिस्सेदार, हे हिंदू वारसा कायद्यात 2005 पासून आहे. महाराष्ट्रानं ते 1994 मध्येच केलं होतं, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. 2005 साली वडील हयात असायला हवेत ही सबबही सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात मोडीत काढली. आपली 6 एकर, म्हणजे 240 गुंठे, एकत्र कुटुंबाची धरली तर बाबा, आई, ताई आणि मी असे 60-60 गुंठ्यांचे चार वाटे. बाबांच्या माघारी त्यांच्या 60 गुंठ्यांत आम्ही तिघं समान वारस. म्हणजे प्रत्येकी 80 गुंठे, 2 एकर. जमीन बाबांच्या एकट्याच्या मालकीची मानली आणि मृत्युपत्र नसलं, तरी हिशोब हाच येतो. शिवाय तसं असेल तर बाबा असेपर्यंत ताईला सोडायला हक्कच नाही, आणि पुढे मिळू शकणाऱ्या वारशाचं हक्कसोडपत्र सहसा टिकत नाही. जमीन एकत्र कुटुंबाची असेल तर मृत्युपत्रही बाबांना फक्त स्वतःच्या वाट्याचं करता येतं.

"तिच्या लग्नात केलंच की" हे कायदा वाटा म्हणून धरत नाही. लग्न माझंही झालं, माझ्या वाट्यातून कुणी एक गुंठा कापला नाही. बहिणी सही देतात ती बहुतेक वेळा माहेर तुटेल या धाकानं. दिवाळीच्या साडीचोळीवर दोन एकर सोडायला लावणं मला पटत नाही.

आई, तुझं तर याहून आधी व्हायला हवं. खुरपणीपासून काढणीपर्यंत तू रानात असतेस, पण सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून सोसायटीच्या लेखी तू शेतकरी नाहीस, पीककर्ज तुझ्या नावानं निघत नाही. शेतकरी संघटनेनं 1986 मध्ये चांदवडला महिलांचं अधिवेशन घेतलं, पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, आणि 1992 मध्ये सरकारनंही लक्ष्मी मुक्ती योजना आणली. नवऱ्यानं हयातीतच बायकोचं नाव सहधारक म्हणून लावायचं. बाबा, त्यासाठी तुम्ही स्वतः तहसीलदारांकडे अर्ज करायचा. सातबारा, आठ-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) आणि दोघांची ओळखपत्रं जोडायची. घराचा नमुना आठ (घरपट्टीचा उतारा) ग्रामपंचायतीत वेगळा असतो, तोही दोघांच्या नावे करून घ्या.

तुकडे पडतील ही भीती काढून टाका. एकाच सातबाऱ्यावर चार नावं असली म्हणून बांध पडत नाही. तुकडा वेगळा होतो तो वाटप केल्यावर, आणि वाटप आपण मागतच नाही.

खरी गफलत होते ती नोंदीत. फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलाची नोंद, लिहिला की नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस मिळतात, मग मंडल अधिकारी नोंद मंजूर करतात. मंजुरीनंतर नवा सातबारा काढून वाचायलाच हवा. बायकांची नावं कितीतरी ठिकाणी भोगवटादाराच्या रकान्यात न घेता "इतर हक्क" मध्ये टाकलेली सापडतात. बघणाऱ्याला वाटतं नाव लागलं, पण मालक म्हणून ते लागलेलं नसतं. दुसरी गफलत सह्यांची. वारस नोंदीच्या कागदांतच हक्कसोडीचा जबाब असतो आणि बहीण न वाचता अंगठा देते. नोंदणी न केलेल्या हक्कसोडीनं हक्क जात नाही, पण नाव मात्र गळतं. मग ते परत लावायला प्रांताधिकाऱ्यांकडे अपील, नाहीतर दिवाणी दावा.

आता जे लिहायला जड जातं ते. आजोबांच्या वेळचा फेरफार काढा. सातबाऱ्यावर बाबांच्या नावाजवळ त्याचा क्रमांक आहे, जुनी नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळते. बाबांच्या नावापुढे "ए.कु.मॅ." असेल, तर ते एकत्र कुटुंबाचे मॅनेजर म्हणून लागलेलं नाव आहे, एकट्या मालकाचं नाही. 1956 पासून मुलगी वडिलांच्या हिश्शाची वारस आहेच. म्हणून वारसांच्या यादीत दोन्ही आत्यांची नावं आहेत का ते बघा. नसतील, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र सापडतंय का ते शोधा. तेही नसेल, तर वर मांडलेले 80 गुंठ्यांचे आकडे चुकीचे आहेत, आणि ताईच्या आधी आत्यांशी बोलायला हवं. बाबा, ते तुम्हीच बोला. मी सोबत बसेन.

फेरफाराची नक्कल मिळाली की फोटो पाठवा. तोवर कुणाचीही सही घेऊ नका.

तुमचा,
बाळू