तिकीट महाग केल्याने मैदानाला शिस्त येत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम तोंडावर आला की दोन विषय हमखास निघतात. एक म्हणजे स्पर्धांना मिळणारे प्रायोजक आणि बक्षिसांच्या वाढत जाणाऱ्या रकमा, आणि दुसरा म्हणजे सामन्यांच्या वेळी होणारी हुल्लडबाजी. अलीकडे या दोन्हींची सांगड घालून एक विचार बोलून दाखवला जातो. तिकिटांचे दर चांगलेच वाढवावेत, गॅलरीतली मोक्याची जागा खुर्च्या टाकून निमंत्रितांसाठी आणि प्रायोजकांसाठी राखावी, म्हणजे उत्पन्नही वाढेल आणि नको ती गर्दी आपोआप गळेल, असा तो विचार आहे. वरवर पाहता तो व्यवहाराला धरून वाटतो, आणि तो मांडणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. तरीही तो चुकीचा आहे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि फुटबॉलच्याच इतिहासात त्याचे पुरेसे दाखले आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की खेळात पैसा येण्याला माझा विरोध नाही. पेठेतली वर्गणी आणि चार-दोन दिलदार माणसांचा हात यांवर फुटबॉल संघ चालवताना तालमींच्या, म्हणजे पेठांतल्या मंडळांच्या, कार्यकर्त्यांची किती ओढाताण होते, हे कोल्हापुरात कोणाला सांगायला नको. बूट, सरावाचा खर्च, दुखापत झालेल्या खेळाडूचे औषधपाणी, यांसाठी पैसा लागतोच. एखाद्या उद्योजकाने किंवा नेत्याने चषक ठेवला, खेळाडूंना मानधन मिळू लागले, सामने यूट्यूबवर दिसू लागले आणि नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत किंवा आखातात असलेला आपला माणूस तिथून पाटाकडील विरुद्ध दिलबहार हा दोन तालमींचा सामना पाहू लागला, तर ते चांगलेच आहे. प्रश्न पैसा येण्याचा नसून, तो आल्यावर मैदानात कोणाला जागा उरते याचा आहे.

या बाबतीत इंग्लंडचा अनुभव मुळापासून पाहण्यासारखा आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातील एफए कपच्या उपांत्य सामन्यात चेंगराचेंगरी झाली आणि तिच्यात ९७ प्रेक्षकांचा जीव गेला. त्या वेळी पोलिसांनी आणि काही वृत्तपत्रांनी सगळा दोष प्रेक्षकांच्या माथी मारला. ते दारू पिऊन आले होते, त्यांनीच दरवाजे मोडले, असे सांगितले गेले. प्रेक्षक निर्दोष होते आणि मृत्यूंना पोलिसांच्या गंभीर चुका कारणीभूत होत्या, हा निर्णय चौकशीतील ज्यूरीने दिला तो २०१६ साली, म्हणजे सत्तावीस वर्षांनी. मधल्या काळात काय झाले, तो भाग आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. या दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांनी जानेवारी १९९० मध्ये दिलेल्या अंतिम अहवालात मोठ्या मैदानांवर उभे राहून सामना पाहण्याची पद्धत बंद करून सर्वांना आसने द्यावीत, अशी शिफारस केली. मात्र त्याच अहवालात त्यांनी हेही लिहिले की, आज उभे राहून सामना पाहणाऱ्यांच्या खिशाला परवडेल असाच सर्वांत स्वस्त आसनाचा दर ठेवता आला पाहिजे. त्यासाठी त्यांनी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचे उदाहरण दिले होते, जिथे तेव्हा आसनाला सहा पौंड आणि उभ्या जागेला चार पौंड पडत होते.

शिफारशीचा पहिला भाग सरकारने आणि क्लबांनी अमलात आणला. दुसरा भाग बाजूला पडला. १९९२ मध्ये प्रीमियर लीग ही इंग्लंडमधील अव्वल क्लबांची साखळी स्पर्धा सुरू झाली, दूरचित्रवाणीचा पैसा आला, मैदाने देखणी आणि सुरक्षित झाली, आणि त्याच ओघात तिकिटे अशी महागली की ज्या कामगार वस्त्यांनी हे क्लब शंभर वर्षे जगवले त्यांच्या मुलांना तिथे जाणे दुरापास्त झाले. सुरक्षिततेसाठी आसने हवी होती हे खरेच, पण आसनांसाठी दर इतके चढायला हवे होते हे खरे नव्हते. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आणि एकीच्या आडून दुसरी घडवून आणली गेली. आपल्याकडच्या चर्चेत मला हीच सांगड दिसते, म्हणून भीती वाटते.

पुढे लिव्हरपूलच्याच प्रेक्षकांनी याला उत्तर दिले. नव्याने बांधल्या जाणाऱ्या गॅलरीतले सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे असेल, असे क्लबने जाहीर केले होते. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी सुंदरलँडविरुद्धच्या सामन्यात ७७ वे मिनिट लागताच सुमारे दहा हजार प्रेक्षक उठून मैदानाबाहेर पडले. तेव्हा लिव्हरपूल दोन गोलांनी पुढे होते. सामना दोन-दोन बरोबरीत सुटला. चार दिवसांत मालकांनी माफी मागितली आणि दरवाढ मागे घेतली. या प्रेक्षकांचे म्हणणे साधे होते. पुढच्या तीन वर्षांच्या देशांतर्गत प्रक्षेपण हक्कांपोटी लीगला पाच अब्ज पौंडांहून अधिक रक्कम मिळणार असताना, दर आठवड्याला घसा कोरडा करणाऱ्या माणसाच्या खिशातून आणखी काही पौंड काढण्याची गरजच काय? त्याच वर्षी प्रीमियर लीगने पाहुण्या संघाच्या समर्थकांसाठी तिकिटाची कमाल मर्यादा ३० पौंड ठरवली. पाहुण्या संघाचे समर्थक आले नाहीत तर मैदानातली अर्धी रंगत जाते, हे लीगलाही पटले असले पाहिजे.

जर्मनीत याहून वेगळा मार्ग निवडला गेला. तिथल्या नियमानुसार, एखाद-दुसरा अपवाद वगळता, क्लबच्या मताधिकाराचा बहुमताचा वाटा सभासदांच्या हातात राहिला पाहिजे. या नियमाला ५०+१ म्हणतात. सभासद म्हणजे बहुतांशी प्रेक्षकच. म्हणूनच डॉर्टमुंडच्या मैदानात आजही सुमारे २५ हजार माणसे एका गॅलरीत उभी राहून सामना पाहतात, आणि पिवळ्या पोशाखातल्या त्या गर्दीच्या ‘पिवळ्या भिंती’चे चित्र दाखवूनच जर्मन लीग जगभर स्वतःची जाहिरात करते. डिसेंबर २०२३ मध्ये लीगच्या प्रक्षेपण व्यवसायातील हिस्सा बाहेरच्या गुंतवणूकदाराला देण्याचा ठराव झाला, तेव्हा प्रेक्षकांनी आठवड्यामागून आठवडे मैदानात टेनिसचे चेंडू टाकून सामने थांबवले, आणि २१ फेब्रुवारी २०२४ रोजी तो बेत सोडून देण्यात आला. चेंडू टाकून खेळ थांबवण्याचे मी समर्थन करत नाही. पण तिथे प्रेक्षकाचा शब्द वजनदार आहे, कारण नियमाने त्याला स्थान दिले आहे, हे मान्य करावे लागते.

आता महाग तिकिटाने शिस्त येते या मुद्द्याकडे वळतो. विश्वचषक आला की आपल्या पेठांत ज्याचे भव्य फलक उभे राहतात, तो लिओनेल मेस्सी १३ डिसेंबर २०२५ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानात आला होता. लोकांनी हजारो रुपये मोजून तिकिटे घेतली होती. प्रत्यक्षात मान्यवरांनी, त्यांच्या गोतावळ्याने आणि छायाचित्रे काढून घेणाऱ्यांनी त्याला असे घेरले की पैसे भरून आलेल्यांना तो धड दिसलाही नाही, आणि थोड्याच वेळात तो निघून गेला. त्यानंतर खुर्च्या उखडल्या गेल्या, बाटल्या फेकल्या गेल्या, लोक मैदानात घुसले. त्या मोडतोडीचे समर्थन होऊ शकत नाही. पण ती करणारे लोक स्वस्त तिकिटावर आत आलेले नव्हते. प्रेक्षकाला गिऱ्हाईक समजून त्याच्याकडून भरपूर पैसे घ्यायचे आणि त्याच्या समोरची जागा मात्र वशिल्याच्या माणसांना द्यायची, या वागणुकीतून तो राग उसळला. निमंत्रितांच्या खुर्च्या वाढवू पाहणाऱ्या प्रत्येक आयोजकाने हा प्रसंग लक्षात ठेवावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपल्या देशात व्यावसायिक फुटबॉलने प्रेक्षकाला काय दिले, हेही पाहू. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रात मुंबईबरोबर पुण्यालाही संघ मिळाला. २०१९ मध्ये तो बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव, जो २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तो पुढे या हैदराबाद संघातही होता. २०२५ मध्ये तोही संघ दिल्लीला नेला गेला. दिल्लीचा मूळ संघ तर २०१९ मध्येच भुवनेश्वरला गेला होता. संघ असा दुकानाच्या पाटीसारखा या गावातून त्या गावात हलवला गेला, तर पुण्यातल्या किंवा हैदराबादेतल्या मुलाने जीव लावायचा तो कोणावर? मोहन बागानसारख्या १८८९ साली स्थापन झालेल्या, १९११ मध्ये अनवाणी खेळून इंग्रजांच्या पलटणीच्या संघाला हरवणाऱ्या क्लबच्या नावाआधी २०२० मध्ये दुसऱ्या फ्रँचायझीचे नाव जोडले गेले. ते काढून टाकायला समर्थकांना तीन हंगाम झगडावे लागले. आपल्या तालमी अशा हलवता येत नाहीत. शिवाजी तरुण मंडळाला शिवाजी पेठेतून उचलून दुसऱ्या शहरात नेता येणार नाही, आणि हीच आपल्या फुटबॉलची खरी पुंजी आहे, जी कोणत्याही प्रायोजकाला विकत घेता येत नाही.

या पुंजीचे मोल किती आहे ते २०१८ मध्ये दिसले होते. त्या वर्षी जूनमध्ये मुंबईत भारताच्या सामन्याला अवघे २,५६९ प्रेक्षक आले, तेव्हा कर्णधार सुनील छेत्रीने चित्रफितीतून लोकांना हात जोडून विनवले की आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या. त्यानंतरच्या सामन्याची तिकिटे संपली, पण भारताच्या कर्णधारावर ही वेळ यावी याचे वाईट वाटते. कोल्हापुरात शाहू स्टेडियम भरण्यासाठी कोणालाही हात जोडावे लागत नाहीत. हलगीचा कडकडाट, पेठेचे झेंडे, नातवाला खांद्यावर घेऊन आलेले आजोबा, गोल झाल्यावर उठणारी आरोळी, हे सगळे इथे आपोआप जमते. २०२० मध्ये कोरोनामुळे युरोपातील सामने रिकाम्या मैदानांत झाले, तेव्हा प्रक्षेपण करणाऱ्या वाहिन्यांना ध्वनिमुद्रित गोंगाट मिसळावा लागला, कारण त्याशिवाय सामना पाहवत नव्हता. यूट्यूबवर आपले सामने पाहणारेही खेळाइतकेच त्या गॅलरीसाठी पाहतात. ती गॅलरी महाग करून रिकामी केली, तर प्रायोजकाला दाखवायला तरी काय उरेल?

हुल्लडबाजीचे समर्थन मी कदापि करणार नाही. शिवीगाळ, दगडफेक, हरल्यावर दुसऱ्या पेठेच्या पोरांवर धावून जाणे, पंचांना धक्काबुक्की करणे, यांमुळे कोल्हापूरच्या फुटबॉलची बदनामी झाली आहे, सामने थांबवावे लागले आहेत, आणि आया-बहिणी मैदानात यायला कचरतात. हे थांबलेच पाहिजे. पण त्यासाठी दंगा करणाऱ्याला ओळखून त्याला शिक्षा करणे हा उपाय आहे. प्रवेशद्वारांवर आणि गॅलरीत कॅमेरे लावावेत, ओळख पटलेल्या व्यक्तीला पूर्ण हंगामासाठी प्रवेशबंदी करावी, तिच्या तालमीला गुणांचा दंड करावा, दोन्ही बाजूंच्या समर्थकांना बाहेर पडण्याच्या वाटा आणि वेळा वेगळ्या ठेवाव्यात. दंगा करणारे मूठभर असतात, आणि त्यांच्या खिशात महाग तिकिटाचे पैसे नसतील असे मानायला काही आधार नाही. दर वाढले की घरी बसतो तो गवंडीकाम करणारा, रिक्षा चालवणारा, कॉलेजात शिकणारा, ज्याला महिन्यातून चार सामने पाहायचे असतात.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि त्या धर्तीवर खासबागेचे कुस्ती मैदान उभारले. त्याची रचनाच अशी आहे की उतारावर कोठेही बसलेल्या माणसाला आखाड्यातली कुस्ती नीट दिसावी. ज्या नगरीत राजाने सामान्य प्रेक्षकाच्या नजरेचा इतका विचार केला, तिथल्या फुटबॉल मैदानात त्याच सामान्य माणसाला मागे ढकलले जाऊ नये.

म्हणून कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन आणि सर्व स्पर्धा-संयोजकांना माझे नम्र निवेदन आहे की, गॅलरीच्या एका मोठ्या भागाचा कमीत कमी दर हंगाम सुरू होण्यापूर्वी जाहीर करावा आणि तो अंतिम सामन्यापर्यंत, मग चषक कोणाच्याही नावाचा असो, बदलू नये. अंतिम सामन्याला अचानक दर वाढवणे हा हंगामभर आलेल्या प्रेक्षकावर अन्याय आहे. निमंत्रितांच्या जागा ठरावीक असाव्यात आणि मैदानाच्या कडेला खुर्च्या मांडून मागच्यांची नजर अडवली जाऊ नये. तिकिटांचे उत्पन्न किती झाले आणि त्यातून पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे, महिलांसाठी सोयी यांवर किती खर्च झाला, याचा हिशेब हंगामाअखेर प्रसिद्ध करावा. दर वाढवणे कधी अपरिहार्य झालेच, तर लोक तो हिशेब पाहून समजून घेतील. सामन्यांच्या वेळा ठरवताना प्रक्षेपणाच्या सोयीबरोबर कामावरून सुटून येणाऱ्यांचाही विचार व्हावा. आणि या सगळ्या निर्णयांच्या बैठकीत तालमींच्या पदाधिकाऱ्यांखेरीज तिकीट काढून येणाऱ्या सामान्य प्रेक्षकांचे दोन-तीन प्रतिनिधी, त्यांत किमान एक महिला, बोलावले जावेत.

यांपैकी एकाही गोष्टीसाठी प्रायोजकाला दूर सारण्याची गरज नाही. येत्या हंगामाचे दर आणि नियम ठरण्यापूर्वी या निवेदनाचा विचार व्हावा, आणि आपल्या दैनिकाने या विषयावर तालमी, संयोजक आणि प्रेक्षक यांची मते मागवून प्रसिद्ध करावीत, ही विनंती.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर