दाराशी ‘होडी’ म्हणायला शिकवणाऱ्या काकूंस

गुरुवार पेठ, पुणे

आदरणीय काकू,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी चर्चमधली उपासना संपल्यावर मंडळीने आमचा सत्कार केला. पाळकसाहेबांनी ह्यांच्या खांद्यावर शाल घातली, मुलांना खाऊ दिला, आणि तीन वर्षे परमुलखात राहून देवाची सेवा केल्याबद्दल आमच्याविषयी इतके चांगले बोलले गेले की मला मान वर करवेना. त्या तीन वर्षांत आम्हांला जे काही जमले त्यातले बरेचसे तुमच्या स्वयंपाकघरात बसून शिकलेले होते, आणि तुम्ही मात्र सर्वांत मागच्या बाकावर सासूबाईंचा हात धरून बसला होता. चारचौघांत तुमचे नाव घ्यायचे नाही अशी तुमची सक्त ताकीद होती, म्हणून ते या पत्रातही घेत नाही. पण पत्र उघड लिहिते आहे, कारण जी शाल आमच्या घरात घडी घालून ठेवली आहे, ती चुकीच्या खांद्यांवर पडली असे मला मनापासून वाटते, आणि ते मंडळीला कळायला हवे.

टांझानियातल्या मोशी या गावी जायचे ठरले, तेव्हा नात्यातल्या निम्म्या माणसांना वाटले की आम्ही भोसरीच्या पुढच्या मोशीला बिऱ्हाड हलवतो आहोत. नाव ऐकताच हातातली कपबशी खाली ठेवणाऱ्या तुम्ही एकट्याच. शेजाराला तेव्हा अकरा वर्षे झाली होती, दिवाळीला आणि नाताळाला ताटे इकडून तिकडे जात होती. पण तुमचा जन्म किलिमांजारोच्या पायथ्याशी झाला, तुमचे वडील तिथे रेल्वेत कारकून होते, आणि १९७१ साली तिथल्या सरकारने भाड्याने दिलेल्या इमारती ताब्यात घ्यायला सुरुवात केली तेव्हा आजोबांनी बांधलेले दुमजली घर मागे टाकून तुम्ही सगळे पुण्याला आलात, हे आम्हांला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. “तिथल्या स्वाहिली भाषेत मोशी म्हणजे धूर,” एवढेच तुम्ही म्हणालात आणि मग बराच वेळ काही बोलला नाहीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आमच्याकडे चहाला आलात. आमच्या खिडकीतून पंचहौद मिशनच्या चर्चचा मनोरा दिसतो. त्याच ख्रिस्ती मिशनच्या आवारात १८९० साली पाहुण्यांपुढे ठेवलेल्या चहावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावे लागले होते. तुम्ही दुसरा कप मागून घेतलात आणि कोणताही आडपडदा न ठेवता विचारलेत, “तिथे तर माझ्या लहानपणीसुद्धा दर रविवारी चर्च भरलेली असायची. तुम्ही काय द्यायला जाता?” हा प्रश्न आम्हांला आमच्यापैकी कोणीही विचारला नव्हता. किलिमांजारोच्या उतारावर जर्मनीतल्या लायप्त्सिगच्या मिशनने १८९३ साली काम सुरू केले, म्हणजे तिथल्या पुष्कळ घरांत चौथ्या-पाचव्या पिढीचा ख्रिस्ती विश्वास नांदतो आहे, हे आम्ही वाचले होते, पण त्याचा अर्थ मनात उतरला नव्हता. ह्यांनी सांगितले की बोलावणारी मंडळी तिथलीच, दवाखाना तिचाच. आम्हांला बोलावले आहे ते ह्यांना वैद्यकीय उपकरणांची दुरुस्ती येते आणि मला परिचारिकेचे काम येते म्हणून.

मग ह्यांनी तुम्हांला नाशिकच्या शरणपूरची हकीकत सांगितली, ती मला इथे लिहून ठेवायची आहे, कारण आमच्या मंडळीतल्या तरुणांनाही ती फारशी ठाऊक नाही. एकोणिसाव्या शतकात अरबी समुद्रातल्या गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले शरणपूरच्या मिशन वसाहतीत वाढली, शिकली, सुतारकाम-लोहारकाम करू लागली. त्यांच्यापैकी काही जण १८६४ साली पूर्व आफ्रिकेतल्या मोंबासाजवळच्या राबाई येथे मिशनरी योहान रेबमान यांच्या मदतीला गेले. हे तेच रेबमान, ज्यांनी १८४८ साली किलिमांजारोवरचे बर्फ पाहिले आणि विषुववृत्तालगत बर्फ असते यावर लंडनच्या विद्वानांनी विश्वास ठेवला नाही. पुढे १८७३ साली आफ्रिकेत फिरलेले मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन तिथेच वारले, तेव्हा त्यांचा देह महिनोन्‌महिने चालून किनाऱ्यापर्यंत पोचवणाऱ्यांतही शरणपूरला शिकलेला जेकब वेनराइट होता. तुम्ही सगळे शांतपणे ऐकून घेतलेत आणि म्हणालात, “म्हणजे महाराष्ट्रातून तिकडे सेवेला गेलेले पहिले लोक तिकडचेच होते. मग तुम्ही पाहुण्यासारखे जा.”

पुढचे चार महिने दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरात आमची स्वाहिलीची शाळा भरली. पहिला शब्द तुम्ही शिकवलात तो ‘होडी’. मुले हसली, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे पाण्यातली नाव आली. पण तिथे कोणाच्याही घरात पाऊल टाकण्यापूर्वी बाहेर थांबून ‘होडी’ अशी हाक द्यायची असते, आतून ‘करीबू’, म्हणजे ‘या’, असे उत्तर आल्यावरच पुढे जायचे असते, आणि तीनदा हाक देऊनही उत्तर आले नाही तर दार सताड उघडे दिसत असले तरी परत फिरायचे असते. हे नुसते सांगून तुमचे समाधान झाले नाही. ह्यांना तुम्ही जिन्यात उभे केलेत आणि दोनदा मुद्दाम उत्तर दिले नाहीत. तिसऱ्या हाकेलाही तुम्ही गप्पच राहिलात, आणि हे खरोखरच जिना उतरून घरी आले.

मुलांना तुम्ही नात्यांच्या शब्दांपासून सुरुवात करून दिलीत, याचे मला आजही कौतुक वाटते. स्वाहिलीत ‘दादा’ म्हणजे बहीण, ‘काका’ म्हणजे भाऊ, ‘मामा’ म्हणजे आई. ‘बाबा’ तेवढे दोन्हीकडे बाबाच. आजीला ‘बीबी’ म्हणतात हे कळल्यापासून तुम्ही त्यांच्या बीबी झालात त्या झालात. मग साबणाला ‘साबुनी’, रंगाला ‘रांगी’, हिशेबाला ‘हेसाबू’, दुकानाला ‘डुका’ असे शब्द तुम्ही एकेक करून पुढे ठेवू लागलात, तशी मुलांची भीती ओसरत गेली. जिथे साबण आणि चपाती ओळखीची आहे तो देश अगदीच परका कसा असेल, असे धाकट्याने मला रात्री अंथरुणात विचारले होते. घड्याळाचा धडा मात्र आम्हांला जड गेला. तिथे तास सूर्योदयापासून मोजतात, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. तुम्ही भिंतीवरचे घड्याळ काढून मांडीवर घेतलेत आणि तासकाट्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायला शिकवलेत. मोशीत दवाखान्याच्या पाळ्या लावताना ही एक युक्ती मी किती वेळा वापरली असेल याची गणती नाही.

स्वयंपाकाचेही तुम्हीच सांगितलेत. उलेझी म्हणून मागाल तर नाचणी मिळेल, त्याची सकाळची पेज तिथे ‘उजी’ म्हणून पितात, ती आपल्या आंबिलीची बहीणच; आणि कच्ची केळी आवडत नाहीत असे कोणाच्याही घरी म्हणू नका, कारण त्या डोंगरावरचे जेवण केळ्यांवर उभे आहे.

काकू, त्या एका ‘होडी’ने आम्हांला काय दिले ते तुम्हांला समोर बसून कधी नीट सांगता आले नाही. पहिल्याच आठवड्यात मी स्त्रियांच्या विभागात गेले. खाटांच्या मधून पडदे होते. इथल्या सवयीने मी पडदा सारायला हात पुढे केला, आणि तुमचा जिना आठवून तो मागे घेतला. बाहेरूनच ‘होडी’ म्हटले. आत क्षणभर शांतता होती, मग एक थकलेला आवाज ‘करीबू’ म्हणाला. त्या बाईने मला बसायला सांगितले आणि मी न विचारता आपले दुखणे सांगितले. त्यातले निम्मे मला समजले नाही, ते तिने न कंटाळता पुन्हा सांगितले. वीस वर्षे मी परिचारिकेचे काम करते आहे. आजारी माणसाची खाट हे त्याचे घर असते आणि त्याच्या परवानगीवाचून तिथे शिरायचे नसते, हे मला त्या दिवशी उमगले.

देण्याघेण्याचे तुम्ही जे विचारले होते, त्याचे उत्तर आम्हांला हळूहळू मिळत गेले. तिथे रविवारी उपासना संपली की चर्चच्या बाहेर लिलाव होतो. ज्यांच्याकडे रोख पैसा नसतो ते दानात केळ्यांचा घड, अंडी, ऊस, कोंबडी असे काही आणतात, आणि त्याचा लिलाव करून आलेला पैसा मंडळीला जातो. आम्ही गेल्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी एका वृद्ध गृहस्थांनी चढ्या बोलीने कोंबडी घेतली आणि सरळ आणून माझ्या मुलीच्या हातात दिली. आम्ही सेवा करायला आलेली माणसे. आमच्याजवळ द्यायला त्या क्षणी ‘असांते’ या आभाराच्या शब्दाखेरीज काही नव्हते. मुलीने तुम्ही शिकवल्याप्रमाणे वडीलधाऱ्यांना करायचा नमस्कार ‘शिकामू’ म्हटला, त्यांनी ‘मराहाबा’ म्हणून तो स्वीकारला, आणि त्या दिवसापासून ते तिचे ‘बाबू’, म्हणजे आजोबा, झाले.

मोठ्या पावसाच्या दिवसांत धाकट्याला ताप आला तेव्हाची रात्र मला अजून आठवते. मी दुसऱ्यांच्या मुलांच्या उशाशी बसणारी, पण आपल्या मुलाच्या वेळी हात थरथरत होते. पहाटे दाराशी ‘होडी’ ऐकू आले. शेजारच्या चार जणी आल्या होत्या. कोणी केळी आणली होती, कोणी दूध. त्यांनी फक्त ‘पोले’ म्हटले आणि जमिनीवर बसून राहिल्या. या शब्दाला मराठीत नेमका शब्द मला अजूनही सापडलेला नाही. तुमचे दुःख मी पाहिले आहे, एवढेच त्यात असते, आणि तो ठेच लागलेल्यालाही म्हणतात, घरात मृत्यू झालेल्यालाही. तुम्ही हा शब्द आम्हांला अगदी शेवटच्या दिवशी शिकवला होतात, आणि हा शिकवायला वेळ लागत नाही, असे म्हणाला होतात. ताप तिसऱ्या दिवशी उतरला. त्या बायका तिन्ही दिवस येत होत्या.

आणि हे सगळे आम्ही तिकडे अनुभवत असताना इकडे तुम्ही काय करत होता, हे आम्हांला सासूबाईंकडून तुकड्यातुकड्याने कळत गेले. त्यांची दृष्टी मंदावली आणि पवित्र शास्त्र वाचणे बंद झाले, हे त्यांनी आम्हांला काळजी नको म्हणून कळवलेच नव्हते. एका संध्याकाळी फोनवर मागे तुमचा आवाज ऐकू आला. तुम्ही त्यांना स्तोत्रे वाचून दाखवत होता. तुमच्या देवघरातला दिवा लावून झाला की जिना उतरून यायचे, खूण घातलेल्या पानापासून एक अध्याय वाचायचा, आणि मग दोघींनी चहा घ्यायचा, असा तुमचा दीड वर्षाचा नेम होता. तुम्ही तुमच्या श्रद्धेतली एक कडी ढळू दिली नाहीत आणि सासूबाईंची प्रार्थना एक दिवस चुकू दिली नाहीत. त्या रात्री ह्यांनी मोशीत जेवताना कृतज्ञतेची प्रार्थना केली, त्यात तुमचे नाव घेतले. तेवढी तुमची ताकीद आम्ही मोडली आहे.

तुम्ही आमच्याकडे तीन वर्षांत एकच गोष्ट मागितलीत. स्टेशनच्या रस्त्यावरच्या त्या घरासमोर एक जॅकरंडाचे झाड होते, ते आहे का एवढे बघा. घर सापडायला आम्हांला सहा महिने लागले, कारण रस्त्याचे नाव बदलले होते. झाड होते, आणि नोव्हेंबर असल्यामुळे खालची सगळी माती जांभळी झाली होती. मी फोनवर तुम्हांला ते दाखवत असताना घरात राहणाऱ्या आजीबाई बाहेर आल्या आणि आम्ही कोण, काय बघतो, असे विचारू लागल्या. मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात फोनमधून पुण्याहून तुमचा आवाज आला, “होडी.” त्या थबकल्या, फोनकडे वाकून पाहिले आणि म्हणाल्या, “करीबू, करीबू.” मग तुम्ही दोघी जे बोललात त्यातले मला फारसे कळले नाही, कारण तुम्ही आमच्या धड्यांपेक्षा कितीतरी भरभर बोलत होता. आत येऊन त्यांनी फोन स्वतःच्या हातात घेतला आणि तुम्हांला एकेक खोली दाखवली.

पुढच्या महिन्यात आम्ही परत मोशीला निघतो आहोत. त्या आजीबाईंनी तुमच्यासाठी दिलेला कांगा, म्हणजे तिथल्या बायका अंगाभोवती गुंडाळतात ते सुती वस्त्र, त्यावर विणलेल्या नव्हे तर छापलेल्या ओळीसकट, मी अजून बॅगेतच ठेवला आहे. ती ओळ मुलांना तुमच्या तोंडून वाचून घ्यायची आहे. शनिवारी संध्याकाळी चहाला या. सासूबाईंनी नारळाच्या करंज्या करायला घेतल्या आहेत. आमचे दार नेहमीप्रमाणे उघडेच असेल, तरीही जिन्यात थांबून हाक द्या, कारण उत्तर कोणी द्यायचे यावरून मुलांचे आतापासूनच भांडण चालले आहे.

तुमची,
खालच्या मजल्यावरची शेजारीण