शिक्षणमंत्री महोदय, मुलांना कुत्र्याची भाषा शिकवा

माननीय शालेय शिक्षणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी पाथर्डी फाट्याजवळ माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला कुत्रा चावला. भटका नव्हे, शेजारच्या बंगल्यातला. दहावीतल्या मुलाला वाढदिवसाला आणून दिलेला जर्मन शेफर्ड, दिवसभर दोन हात साखळीवर बांधलेला. साखळी तुटली, पोरगी किंचाळत पळाली, तो मागे लागला आणि पोटरी फाडली.

जमलेल्यांपैकी एकीने जखमेवर तिखट चोळलं. तो आक्रोश अजून माझ्या कानातून जात नाही. साबण लावून पंधरा मिनिटं नळाखाली जखम धुवायची, हे तिथे एकालाही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, आणि मी बी.एड. झालेय. पहिल्या सरकारी दवाखान्यात रेबीजविरोधी सिरम नव्हतं. रिक्षा करून दुसरीकडे गेलो. सिरम जखमेतच टोचतात, साहेब. चौघांनी धरलं होतं तिला. शिवाय लस, त्या दिवशी, मग ३ऱ्या, ७व्या आणि २८व्या दिवशी. रात्री ती झोपेत पाय झाडते.

संध्याकाळी तो मुलगा आमच्या दारात रडत उभा होता. "काकू, याला रोज फिरवावं लागतं हे मला कोणी सांगितलंच नाही." त्याच्यावर काय चिडू? कुत्र्याच्या लसीचं कार्ड तर घरात कुणालाच सापडत नाही.

शाळांत कुत्र्यांविषयी वर्ग घेऊ, असा शब्द एका अधिकाऱ्याने आमच्या भागातल्या बैठकीत दिला होता. आता फोन केला की एकच उत्तर, सिंहस्थ होऊ द्या. म्हणजे २०२७ उलटेपर्यंत पोरांनी चावे सोसायचे? २०२४ मध्ये देशात चाव्यांच्या ३७ लाखांवर नोंदी झाल्या. २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवायचा, असं केंद्राने जाहीर केलंय. मोठी माणसं पकडा, सोडा, नसबंदी करा म्हणून कोर्टापर्यंत भांडतात. चावे मात्र पोरांना बसतात, आणि त्यांना कुणी काही शिकवत नाही. या राज्यात माणूस जखमी झाल्याशिवाय फाइल हलत नाही, आणि माझी मुलगी जखमी होऊनही हललेली नाही.

शाळांत दप्तराविना 'आनंददायी शनिवार' आहेच, त्यातला एक तास द्या. पशुवैद्यक आणि एखादा शांत कुत्रा वर्गात येऊ द्या. शेपूट हलते म्हणजे तो खूशच असतो असं नाही, खाताना किंवा पिल्लांपाशी जायचं नाही, अंगावर आला तर पळायचं नाही, हात अंगाशी धरून झाडासारखं उभं राहायचं, हे मुलांकडून करून घ्या. मोठ्या वर्गांना लसीकरण, पट्ट्यावर चालवणं, मारहाण न करता खाऊ देऊन शिकवणं दाखवा. आणि पिल्लू म्हणजे दहा-बारा वर्षांची जबाबदारी, हे ते घरी आणायच्या आधीच कळू द्या.

बंगल्यातले लोक आता त्या कुत्र्याला त्र्यंबक रोडला नेऊन सोडायचं म्हणताहेत. दहा दिवस त्याला बांधून, खाऊ-पिऊ घालून रेबीजची लक्षणं दिसतात का यावर लक्ष ठेवायचं असतं, हे काल मीच त्यांना जाऊन सांगितलं.

आपली,
एक आई, नाशिक