किनोसाकीचं गरम पाणी आणि आमच्या वाड्यावरची झर

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना लागला की आमच्या वाड्यावर टँकरची वाट बघणं सुरू होतं, आणि यंदा त्या टँकरचा भोंगा ऐकला की मला जपानमधलं एक गाव आठवतं, म्हणून हे पत्र लिहायला बसले. पत्र लांबलंय, कापावं लागलं तर प्रवासाचं कापा पण झरीचं तेवढं ठेवा ही विनंती.

मुलगा ओसाकाला नोकरीला आहे. गेल्या नोव्हेंबरात त्याने आम्हा दोघांना बोलावलं आणि माझे गुडघे दुखतात म्हणून हट्टाने दोन रात्री किनोसाकीला घेऊन गेला. ओसाकाहून ट्रेनने पावणेतीन तास लागतात. गाव छोटंसं, मधून ओतानी नावाची नदी, नदी कसली आपला व्हाळच म्हणा, दोन्ही काठांना विलोची झाडं आणि त्यावर दगडी पूल. तिथे जमिनीतून गरम पाणी येतं आणि तेराशे वर्षांपासून लोक त्यात अंघोळ करायला येतात. लहानपणी आम्ही राजापूरजवळच्या उन्हाळे गावाला गेलो होतो, तिथलं कुंड मला आठवत होतं, त्यामुळे गरम पाण्याचं अप्रूप नव्हतं. अप्रूप वाटलं ते त्या पाण्याला लोक कसं वागवतात त्याचं.

उतरलो होतो ऱ्योकानमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीचं जपानी उतरायचं घर. दारातच चपला काढायच्या, पुढे चटया अंथरलेली खोली, मधे एक बुटकं टेबल, खाट नाहीच. रात्री जेवण झालं की तिथली बाई येऊन कपाटातल्या गाद्या काढून जमिनीवर घालते, अगदी आपल्याकडे चवथीला घर पाहुण्यांनी भरलं की घालतात तशा. भाडं खोलीचं नसतं, माणशी असतं, त्यातच रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता आला. खोलीत सुती झगा ठेवलेला असतो, युकाता म्हणतात, तो घालूनच गावात फिरायचं. मी घाईत उजवी बाजू वर घेतली तर त्या बाईने काही न बोलता माझ्यासमोर गुडघे टेकून तो सोडला आणि डावी बाजू वर घेऊन परत बांधून दिला. मुलाने नंतर सांगितलं, उजवी वर फक्त मेलेल्या माणसाची घेतात. मला काही सांगावं लागलं नाही, असल्या गोष्टी आपल्याला लगेच कळतात.

जेवणात खेकडा होता, तिथला हंगाम ६ नोव्हेंबरला सुरू होतो त्यामुळे आम्ही अगदी वेळेवर पोचलो होतो. खेकड्याच्या पायाला निळा बिल्ला बांधलेला, त्यावर तो कुठल्या होडीने पकडला तिचं नाव. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ती किती जण मनापासून पाळतात हे मासळी मार्केटात जाणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

आता अंघोळीचं. गावात सात सार्वजनिक स्नानगृहं आहेत, ऱ्योकानमध्ये राहणाऱ्याला सातही ठिकाणी जाता येतं. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. आत अंगावर एक सूतही ठेवायचं नाही. साठी जवळ आलेली बाई मी, गोव्यातल्या गावात वाढलेली, परकरावरच अंघोळ करायची सवय, मला ते फार जड गेलं. पहिल्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत मी कितीतरी वेळ नुसती बसून होते. पण बघितलं तर तिथे कोणीच कोणाकडे बघत नव्हतं. आज्या होत्या, लेकुरवाळ्या होत्या, पोटावर टाक्यांचे व्रण असलेली एक माझ्याच वयाची बाई होती, सगळ्या आपापल्या कामात. मग गेले.

पाण्यात उतरायच्या आधी बाजूला बुटक्या स्टुलावर बसून साबण लावून अंग नीट धुवायचं असतं, डोक्यापासून टाचेपर्यंत, आणि साबणाचा थेंबही राहू द्यायचा नाही. तलाव स्वच्छ व्हायला नसतो, स्वच्छ होऊन त्यात जायचं असतं. माझ्या शेजारी ऐंशीच्या पुढची एक म्हातारी बसली होती, हात थरथरत होते तिचे, पण तिने सावकाश सगळं अंग धुतलं, मग स्टूल पाण्याने धुतलं, त्याच्याभोवती सांडलेला फेस मोरीकडे लोटला, बालदी पालथी घालून स्टुलावर ठेवली आणि मगच उठली. तिच्यामागून कोण येणार हे तिला ठाऊकही नव्हतं. मी तलावात उतरले तेव्हा हातातला छोटा टॉवेल पाण्यात बुडाला, तर तीच म्हातारी जवळ आली, टॉवेल उचलला, बाहेर पिळला, घडी केली आणि माझ्या डोक्यावर ठेवून हसली. टॉवेलसुद्धा त्या पाण्याला लावत नाहीत. पाणी ४२ अंशांच्या आसपास, ओठाला लागलं तर किंचित खारट. दहा मिनिटांत गुडघे सैल पडले आणि का कोण जाणे मला माझी आई आठवली, कारण तीही आम्हाला झरीवर नेऊन हेच सांगायची, आधी बाजूला हातपाय धू, मग तळीत उतर. देवळाच्या तळीवर तर अजून सांगतात.

मुलगा तिथल्या लोकांशी जपानीत बोलतो, त्याने तिथल्या पाण्याची गोष्ट काढली आणि ती ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. १९२५ साली भूकंप झाला, आग लागली आणि सगळं गाव जळालं. परत बांधलं आणि १९२७ मध्ये एका ऱ्योकानने आपल्या आवारातलं गरम पाणी वापरून स्वतःच्या घरातच अंघोळीची सोय केली. गाव खवळलं. तोवर सगळे पाहुणे गावाच्या स्नानगृहांतच जायचे, पाणी गावाचं असं मानलेलं, आता ज्याची जमीन त्याचं पाणी झालं तर उद्या प्रत्येकजण आपल्या अंगणात खणणार आणि मोठ्या पैशेवाल्याकडे सगळे जाणार. प्रकरण कोर्टात गेलं, तेवीस वर्षं चाललं, मधे महायुद्ध होऊन गेलं तरी मिटलं नव्हतं. १९५० मध्ये समेट झाला, पाणी गावाचंच राहिलं आणि ऱ्योकानांना आत अंघोळीची सोय करता येईल पण छोटीशीच असं ठरलं. आता गरम पाणी एकत्र गोळा करून पाईपने गावभर वाटतात. म्हणूनच संध्याकाळी सगळे पाहुणे युकाता घालून, लाकडी खडावांसारख्या चपला वाजवत रस्त्यावर असतात, दुकानं चालतात, चहावाला जगतो. ते लोक म्हणतात स्टेशन हे घराचं दार, रस्ता म्हणजे पडवी, ऱ्योकान म्हणजे खोल्या, सगळं गाव मिळून एकच घर.

ही स्नानगृहं गावाच्याच एका संस्थेच्या ताब्यात आहेत, नगरपालिकेपेक्षा वेगळी, त्या गावाची सामाईक मालमत्ता सांभाळणारी. हे ऐकलं आणि मी मुलाला म्हटलं, अरे ही तर आपली गांवकारी, गावाची मालमत्ता गावाने मिळून सांभाळायची जुनी पद्धत! पोर्तुगीज यायच्या आधीपासून आपल्या गावांनी जमीन, बांध, मानशी म्हणजे बांधातली पाण्याची दारं, पाट हे सगळं मिळून सांभाळलं, १५२६ च्या फोरालात, म्हणजे पोर्तुगीजांच्या सनदेत, ती पद्धत त्यांनी नुसती लिहून काढली. आपल्याला हे शिकायला जपानला जायची गरजच नव्हती, आपण विसरलो एवढंच.

जपानचा गरम झऱ्यांचा कायदाही १९४८ पासून आहे. जमिनीतून येणारं पाणी २५ अंश किंवा जास्त असेल, किंवा ठरलेल्या १९ घटकांपैकी एक तरी पुरेशा प्रमाणात असेल तर ते ओन्सेन, म्हणजे गरम झऱ्याचं पाणी. पाणी तपासून त्यात काय आहे त्याचा तक्ता कपडे बदलायच्या खोलीत लावावा लागतो. २००४ मध्ये शिराहोने नावाच्या एका प्रसिद्ध ठिकाणी पाणी दुधाळ दिसावं म्हणून त्यात पावडर मिसळतात हे उघडकीला आलं आणि देशभर एवढा गाजावाजा झाला की पुढच्या वर्षी नियमच बदलला, आता वरून पाणी घालता का, तापवता का, औषध टाकता का, तेच पाणी फिरवून वापरता का, हे सगळं लिहून लावायचं. शिवाय पाहुण्याकडून अंघोळीचा कर घेतात, साधारण १५० येन, तो झऱ्यांची देखभाल वगैरेसाठीच असतो.

परत आल्यावर मी एक केलं. नातीच्या अंघोळीच्या पाण्याचा थर्मामीटर घेऊन आमच्या झरीवर गेले आणि जिथे दगडातून धार येते तिथे धरला. २७ भरलं. म्हणजे जपानी कायद्याने आमची झर ओन्सेन ठरली असती! आणि मी जिथे उभी होते तिथे पायाखाली शांपूची पाकिटं, दारूच्या बाटल्यांच्या काचा, एक फाटकी जीन्स, आणि तळीत साबणाचा राखाडी साय आलेला थर. खाली कुळागरात, म्हणजे माडापोफळीच्या बागेत, हेच पाणी पाटाने जातं. रविवारी गाड्या येतात, गाडी तिथेच धुतात. गेल्या वर्षी वरच्या अंगाला डोंगर कापून बंगल्यांचं काम सुरू झालं, बोअर मारली आणि या एप्रिलमध्ये धार करंगळीएवढी झाली. माझ्या लग्नात ती मनगटाएवढी होती, मी त्याच पाण्याने कळशी भरून घरात आले. पंचायतीत विचारलं तर हे आमच्याकडे येत नाही, दुसऱ्या ऑफिसात गेले तर अर्ज पंचायतीतून येऊ द्या. भूजलाचा कायदा गोव्यात २००२ पासून आहे, बोअरला परवानगी लागते, मग ती कोणी बघून दिली एवढंच मला विचारायचंय, गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, भांडण व्यक्तीशी नाही.

माझं माहेर डिचोली तालुक्यातलं. बाबा बार्जीवर होते, खनिज मांडवीतून मुरगावला न्यायचे आणि घरी आले की म्हणायचे जपानी बोट लागलीय, आता आठवडाभर झोप नाही. पन्नासच्या दशकापासून आमची माती जपानला गेली, त्या पगारावर आम्ही शिकलो, मी नाकारत नाही. पण खाणीचा खड्डा पाण्याच्या पातळीखाली गेला की पंपाने पाणी उपसावंच लागतं, आणि मग आजूबाजूच्या झरी नि विहिरी सुकतात. आमच्या घरामागची झर मी दहावीत असताना आटली. आई त्यानंतरही कित्येक दिवस सवयीने तिथे जायची, रिकामी कळशी घेऊन परत यायची. किनोसाकीत त्या गरम पाण्यात बसल्यावर मला हेच सगळं आठवत राहिलं, ज्या देशात आमचा डोंगर गेला त्या देशाने आपली झर किती जपलीय.

केसरवाळची झर अंगाच्या विकारांवर चांगली म्हणून लांबलांबून लोक यायचे, पोंबुर्फ्याची आहे, साळगावची साल्मोना आहे, नेत्रावळीला गोपीनाथाच्या देवळाकडे बुडबुड तळी आहे. पणजीच्या फोंतेन्हासचं तर नावच झरीवरून पडलं. यांच्याभोवती काँक्रीट ओतून, टाईल्स लावून, कारंजं बसवून सुशोभीकरण करा असं मी म्हणत नाही, ते नको, अजिबात नको, मोठं रिसॉर्ट तर त्याहून नको. झरीपासून दहा पावलांवर साबणाच्या अंघोळीसाठी वेगळी जागा, तिचं पाणी तळीत परत न येईल अशी मोरी, वर्षातून दोनदा पाणी तपासून त्याचा तक्ता मराठी-कोंकणीत लावलेला, आणि वरच्या डोंगरावर बोअर कोणाला दिली ते ग्रामसभेत वाचून दाखवायचं. आणि गावातल्या चार घरांनी पाहुणे ठेवले, चटईवर गादी घालून, पेज नि सुकं वाढून, आणि अंघोळीला झरीवर पाठवलं, आधी बाजूला धुवा सांगून, तर ते बघायला माणसं येतील की नाही? मला वाटतं येतील. किनोसाकीला आम्ही त्याच्यासाठीच गेलो होतो.

ग्रामसभेसाठी मी अर्ज दिलाय, बारा बायकांच्या सह्या आहेत, पोच घेतलीय. संपादकसाहेब, तुमच्याकडे एक मागणं आहे. पावसाळा सुरू व्हायच्या आत दर रविवारी एक छोटी चौकट द्या, त्यात वाचकांनी आपल्या गावातल्या एका झरीचं नाव लिहावं, आज तिची धार केवढी आहे ते लिहावं, करंगळी की मनगट, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून पूर्वी केवढी होती तेही. पहिली नोंद माझी घ्या. एप्रिल, करंगळीएवढी. पूर्वी, मनगटाएवढी. पाणी २७ अंश.

आपली,
एक वाचक, फोंडा तालुका