खांदा दुखतो का, हे आधी विचारणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

नांदेडहून परतल्यापासून आपल्याला लिहावे असे सारखे वाटत होते. काल संध्याकाळी माझी लेक कुणीही न सांगता धनुष्य घेऊन अंगणात उतरली आणि अंधार पडेपर्यंत आत आली नाही, तेव्हा मात्र राहवले नाही.

आपल्याकडे येण्यापूर्वी आम्ही ज्यांच्याकडे गेलो, त्यांपैकी कुणी तिला काही विचारले नव्हते. मोठ्या शहरातल्या ज्या दुकानातून तिचे लाकडी रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेले धनुष्य, घेतले, तिथल्या माणसाने धनुष्यावरचा ‘२६ पौंड, २८ इंच’ हा मजकूर दाखवून, हिने २८ इंचांपर्यंत ओढलेच पाहिजे, असे बजावले. नंतरच्या शिबिरातल्या प्रशिक्षकांनी तोच आकडा धरून तिला सगळ्यांसमोर ‘अंगात जोर नाही’ म्हणून सुनावले. तेरा वर्षांची पोर तो आकडा गाठण्यासाठी मान मागे टाकायची, खांदा कानापर्यंत चढवायची, दोरी हनुवटीच्याही मागे न्यायची. दोरीच्या फटक्याने डाव्या हातावर उठलेले वळ ती पूर्ण बाह्यांचा सदरा घालून झाकत असे. एवढे सोसूनही बाण डावीकडेच जायचे आणि त्याचाही दोष तिच्याच माथी यायचा.

आपण टेप हातात घेण्याआधी तिच्यासमोर उकिडवे बसलात आणि माझ्याकडे न पाहता तिलाच विचारलेत, “बाळा, खांदा दुखतो का?” ती गप्प राहिली. आपण घाई केली नाही. बऱ्याच वेळाने तिने मान हलवली, तेव्हा आपण तिचे धनुष्य बाजूला ठेवून अगदी हलके धनुष्य आणि एक लांब, कोरा बाण तिच्या हातात दिलात. “आकडा मला हवाय, तुला नाही. तू फक्त नेहमीसारखी ओढ,” असे सांगून टेप खिशातच ठेवलात. तिने पुन्हा पुन्हा दोरी ओढली, खांदे खाली उतरले, हात जबड्याशी एकाच जागी येऊन टेकू लागला, आणि मगच आपण बाणावर पेन्सिलची बारीक खूण केलीत. मोजमाप तिने धनुष्य खाली ठेवल्यावर झाले. आकडा डोळ्यांसमोर असता तर मोठ्यांना बरे वाटावे म्हणून तिने पुन्हा अंग ताणले असते, हे आपण ओळखलेत. सर, त्या खिशात राहिलेल्या टेपसाठी मी आपली आयुष्यभर ऋणी आहे.

तिची ड्रॉ लेंथ, म्हणजे दोरी ओढण्याचे माप, २५ इंच निघाली. बाणाच्या खाचेपासून धनुष्याच्या मुठीच्या सर्वांत खोल जागेपर्यंतचे अंतर आणि त्यात पावणेदोन इंच, असा तो हिशेब आपण तिलाच करायला लावलात. २८ इंच हे धनुष्याचा ताण, म्हणजे दोरी ओढायला किती पौंड जोर लागतो ते, नोंदवण्यासाठी ठरवलेले प्रमाण आहे, प्रत्येकाने गाठायची मर्यादा नव्हे, हे त्या दिवशी प्रथमच कुणीतरी नीट सांगितले. दोरी त्याहून कमी ओढली की इंचामागे साधारण दोन पौंड कमी होतात, म्हणजे तिच्या हाती ते धनुष्य सुमारे २० पौंडांचेच भरते. त्या ताणाला दुकानातले बाण फार ताठ होते आणि उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचे ताठ बाण डावीकडे झुकतात. पसरलेल्या दोन्ही हातांची लांबी अडीचने भागून हे माप काढण्याची पद्धतही केवळ अंदाजापुरती आहे, हे आपण सांगितलेत. चाकांचे कंपाउंड धनुष्य ठरलेल्या जागी आपणहून अडते, ऑलिंपिक प्रकारात बाण पुरेसा ओढला की क्लिकर नावाची पट्टी वाजते. तिच्यासारख्या पारंपरिक धनुष्यात मात्र कुठे थांबायचे हे सांगणारे शरीराशिवाय दुसरे काही नसते. तरीही त्या शरीराला विचारायची तसदी कुणी घेतली नव्हती, याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

आमच्या मराठवाड्यात हा खेळ शिकणाऱ्या मुलांना साहित्यासाठी लांब जावे लागते, आणि लांबून आलेल्या गिऱ्हाईकाच्या गळ्यात शिल्लक माल मारणारे भेटतात. आपण मात्र नवे काही घ्यायला सांगितले नाहीत. स्वतःजवळचे मऊ बाण दिलेत, ते कापू नका म्हणालात, आणि मी पुढे केलेले पैसे माझ्याच पिशवीत परत ठेवलेत. ज्याला विद्या येते आणि समोरच्याचा मानही राखता येतो, अशा माणसाच्या हाती लेकरू सोपवताना आईच्या जिवाला घोर राहत नाही.

वाढत्या अंगाच्या मुलीच्या परकरासारखे हेही माप पुन्हा घ्यावे लागेल, असे आपण म्हणाला होतात. त्याप्रमाणे दिवाळीच्या सुट्टीत आम्ही येत आहोत. पैसे घेणार नसाल तर निदान धपाट्यांचा डबा आणि करडईची चटणी तरी नाकारू नये, ही विनंती. आपल्या बाणांपैकी एकाचे पीस निघाले आहे. ते आपल्याकडूनच चिकटवून घ्यायचे असे लेकीने ठरवले आहे.

आपली कृतज्ञ,
आपल्या एका विद्यार्थिनीची आई
हिंगोली